चिंचेनं घासलेलं कडं

मी एक कडं आहे. पितळेचं, जाडजूड, एका बाजूला उघडं, दोन्ही टोकांना बोंडं. दिसायला दागिना. म्हणूनच तर घात झाला. पितळेला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. पण मला वाटते. लहान मुलाची मूठ जवळ आली की अजूनही वाटते.

माझा जन्म इथलाच, जर्मनीतल्या आखनजवळच्या खोऱ्यातला. तिथे पितळ ओतणाऱ्यांच्या भट्ट्या होत्या. मला ओतणारा माणूस वाईट नव्हता. कडं वाकडं निघालं तर हळहळायचा. "ही घालतं तरी कोण?" असं त्यानं एकदा व्यापाऱ्याला विचारलं. "घालत नाहीत, देतात," व्यापारी म्हणाला. कशाच्या बदल्यात, ते ओतणाऱ्यानं विचारलं नाही. पोटापाण्याच्या कामात असले प्रश्न कोणी विचारत नाही.

पिंपांत भरून आम्हाला गलबतावर चढवलं आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरवलं. तिथल्या कोठीत जमिनीवर आमचा ढीग लावत आणि ढिगासमोर माणसं उभी करत. बाजारात कोंबडी चाचपावी तसे त्यांचे दंड चाचपत, ओठ उलटून दात बघत. आमच्यातली काही कडी या हातातून त्या हातात गेली, की तो माणूस स्वतःचा उरत नसे. मग गळ्याला गळा बांधून त्यांना गलबताकडे नेत. कित्येकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिलेला असे. पलीकडे नेऊन ही गोरी माणसं आपल्याला खाणार, असं ते दाराआड एकमेकांना सांगत. त्यांचे दात वाजलेले मी ऐकलेत.

एकदा एक बाई आणली. कडेवर तान्ही मुलगी. मी ढिगाच्या अगदी वर होतो, नवा कोरा. पुरुषांची बोलणी चालली होती, तेवढ्यात ती मुलगी वाकली आणि तिनं मला मुठीत पकडलं. हसली. सोडेचना. आईनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ढिगाकडे. तेव्हा तिला कळलं मी काय आहे ते. मुलीची बोटं तिनं एकेक करून उलगडली, विंचू धरला असावा तशा घाईनं.

काही उपयोग झाला नाही. तिला गलबताकडे ओढलं आणि मुलीला दुसऱ्याच माणसानं उचललं. दोघींचा आक्रोश दोन दिशांनी येत राहिला. मग एकाच दिशेनं. मग थांबला. पुढे त्यांचं काय झालं, मला ठाऊक नाही. मी ढिगातच होतो.

माझे सोबती वितळले, हरवले. मी मातीत पुरून राहिलो. फार उशिरा कोणा जर्मन प्रवाशानं आठवण म्हणून मला घरी आणलं. तो वारला, नातवंडांनी घर रिकामं केलं आणि मी आखनच्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, काट्याचमच्यांच्या खोक्यात येऊन पडलो. तिथे मला विपुलनं उचललं.

विपुल इथे एका कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर आहे. बायको क्रांती विद्यापीठात संशोधन करते. त्यांची मुलगी दोन महिन्यांची, आणि तिच्यासाठी विपुलची आई प्रभावती माणगावहून आलेली. रविवारी बाळाचं नामकरण होतं.

"आई, बघ काय मिळालं! एकदम अँटिक."

"अरे, पितळ चांगलं जड आहे की!" प्रभावतीबाई म्हणाल्या. "बाळाच्या हातात काहीतरी हवंच होतं. थांब, चिंच भिजत घालते."

चिंचेनं घासघास घासलं मला. एवढ्या वर्षांचा हिरवा थर गेला आणि मी पुन्हा तसाच चकाकलो, त्या कोठीतल्यासारखा. घरात सगळे खूश. माझा जीव मात्र गोळा झाला होता.

"ढगळ होईल गं तिला," विपुल म्हणाला. "खाली केलरमध्ये, तळघरात, वाइस आहे. टोकं जवळ आणतो, म्हणजे हातातून निसटायचं नाही."

निसटायचं नाही. हेच शब्द दुसऱ्या एका भाषेत, दोरखंड आवळताना मी ऐकले होते. वाइसच्या लोखंडी जबड्यात मी करकरलो. ओरडणं म्हणा हवं तर, पण ते कोणाला कळलं नाही.

रविवारी बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्त्या लागल्या. त्रिशरण, पंचशील झालं. मुलीचं नाव ठेवलं मैत्री. प्रभावतीबाईंनी मला तिच्यापुढे धरलं, आणि तिनं मला मुठीत पकडलं. हसली. सोडेचना.

तेव्हाच इदारा आत आली. ती हेबामे, म्हणजे बाळंतपणानंतर घरी येऊन आई-बाळाला तपासणारी सुईण. मूळची नायजेरियाची. मला पाहून ती दारातच थबकली.

"हे कुठून आणलंत?" तिनं जर्मनमध्ये विचारलं.

"फ्लोमार्क्टमधून," क्रांती म्हणाली. "का गं?"

"माझ्या आजीच्या गावात शेतात अशी कडी निघायची. आजी आम्हा मुलांना हात लावू द्यायची नाही. ही देऊन आमची माणसं नेली, म्हणायची. बायका. पोरं."

क्रांतीनं सासूबाईंना मराठीत सगळं सांगितलं.

"पण आल्झो, म्हणजे... किती शतकं झाली त्याला!" विपुल म्हणाला. "आता ते नुसतं पितळ आहे. आणि घासून लख्ख केलंय की आपण."

मला वाटलं, संपलं. आता हे मला त्या मनगटात अडकवणार.

"माझी आजी महाडच्या सभेहून परत आली," प्रभावतीबाई हळू म्हणाल्या, "आणि तिनं हातातल्या कथलाच्या पाटल्या काढून टाकल्या. घासल्या की चांदीसारख्या चमकायच्या म्हणे. पण लोक त्यांच्यावरूनच ओळखायचे, ही कोण, हिला कुठे उभी करायची. घासून ते जात नाही, विपुल."

त्या वाकल्या आणि मैत्रीची बोटं एकेक करून उलगडू लागल्या. अगदी तशीच. पुढचं मला माहीत होतं, आता मुलीला कोणीतरी उचलणार.

कोणी उचललं नाही. मैत्री भोकाड पसरून रडली, आणि आईच्या मांडीवरच राहिली.

क्रांतीनं मला इदारापुढे धरलं. "मला नको," इदारा म्हणाली. "पण टाकू नका. दुसऱ्या कोणाच्या बाळासाठी कोणी घेऊन जाईल."

आता मी बाल्कनीत, कढीपत्त्याच्या कुंडीत मातीवर असतो. इथे पाऊस लागतो, दव लागतं. हिरवा थर परत चढतोय. भीती गेली नाही, पण जरा सैल झालीय. माझ्यासारखं काही तुमच्या हाती आलं, तर त्या ओतणाऱ्यानं न विचारलेलं तेवढं तुम्ही विचारा: कशाच्या बदल्यात? आणि कृपा करून मला पुन्हा चिंच लावू नका. मी चकाकलो की मुलं हात पुढे करतात.