पाठीवरचा जिझो

वीज कंपनीच्या माणसांनी आमचा जिझो नदीकाठावरून उचलला, तेव्हा आम्ही सगळ्या बायका वरच्या नव्या वसाहतीत घरं लावत होतो. विचारायला कोणी आलं नाही.

जिझो म्हणजे गेलेल्या लेकरांना सांभाळणारा दगडी देव. माझा सेइजी चार वर्षांचा होऊन तापाने गेला, तेव्हा त्याच्या बापाने हा घडवला आणि मठातल्या बाबांनी मंत्र म्हणून त्यात जीव घातला. तेव्हापासून रोज पहिलं पाणी आणि पहिला भात त्याच्यापुढे, मग माझ्या तोंडात घास.

आमचं गाव बुडवणाऱ्या त्यांच्या धरणाला मी आडवी गेले नव्हते. एकच मागणं होतं. दगड हलवण्याआधी बाबांकडून त्यातला जीव काढून घ्या, नाहीतर पोर खालीच राहील. कंपनीचे मिझोगुची साहेब कमरेत वाकून म्हणाले होते, "अगदी, मावशी. तुम्ही निर्धास्त राहा."

मग उद्घाटनाचा दिवस आला. लाल-पांढरे पडदे, साके-दारूचे पेले. शहरातून आणलेल्या भिक्षूने वसाहतीतल्या नव्या देवळीत बसवलेल्या आमच्या जिझोपुढे जीव घालायचे मंत्र म्हटले. देवळीत विजेचा दिवा लागला, टाळ्या पडल्या.

मी पुढे झाले. "साहेब, खाली जीव काढला कोणी?"

"काढायचा कशाला? इथे नवा घातला की!" ते हसले. "बघा ना, टवकासुद्धा उडालेला नाही."

आमच्या मठातल्या बाबांचा चेहरा उतरला. "तोमेबाई, जीव खालीच राहिला, हा नुसता दगड आहे," ते हळूच म्हणाले. "जिथून उचलला तिथेच नेऊन ठेवल्याशिवाय मला काही करता येणार नाही."

"मग खाली नेऊ."

"आता कसं नेणार?" मिझोगुची म्हणाले. "धरणाचे दरवाजे सकाळीच बंद केले, पाणी चढतंय. मुहूर्त चांगला होता."

मुहूर्त! माझ्या लेकराला बुडवायला यांनी पंचांग बघितलं!

"मावशी, नायगारावर वीज केली, नॉर्वेत केली, रशियात केली. सगळीकडे कोणी ना कोणी जागा सोडलीच. ओसाकाचे कारखाने थांबवायचे का एका दगडासाठी?"

"त्या देशांतल्या आयांना कोणी विचारलं होतं का, ते सांगा," मी म्हटलं. "आणि मघाशी तो देव होता. आता दगड कसा झाला?"

शेजारची किनुए पहार घेऊन आलीच. "सिमेंट ओलं आहे गं अजून. यांचं कामही यांच्या शब्दासारखंच, कच्चं."

"अहो बाई, पाहुणे बसलेत!"

"बसू देत. आम्ही कुठे उठा म्हणतोय?"

तिने पहार घातली, मी जोर लावला. जिझो निघाला. त्याच्या गळ्यात लेकरासारखं बांधलेलं लाल लाळेरं सिमेंटने बरबटलं होतं, ते मी बाहीने पुसलं. ज्या पट्ट्याने सेइजीला बांधायचे तोच घरातून आणला आणि जिझोला पाठीशी बांधलं. पोराहून कितीतरी जड. कोणी हात लावायला आलं, तर मी लावू दिला नाही.

बाबा, किनुए आणि मी जुन्या वाटेने खाली गेलो. पाणी गढूळ, निवांत चढत होतं, जणू त्याचंच गाव. जिझोचा जुना चौथरा पाण्याखाली गेला होता. पायाने चाचपडून सापडला. जिझोला त्यावर टेकवलं आणि दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. बाबांनी कमरेएवढ्या पाण्यात जीव काढायचे मंत्र सुरू केले. काठावरून मिझोगुची ओरडत होते, "वर या! जबाबदारी कोणाची?"

"तुमचीच होती!" किनुए ओरडली.

बाबांनी एक शब्द गाळला नाही. संपलं, तेव्हा पाणी माझ्या छातीशी होतं. "चल बाळा," मी म्हटलं, आणि बाबांनी पट्टा पुन्हा आवळला.

जिझो आता माझ्या घरात आहे; बाबांनी इथेच त्यात पुन्हा जीव घातला. मिझोगुची तीनदा येऊन गेले, देवळी रिकामी बरी दिसत नाही म्हणाले. मी चहा दिला, जिझो दिला नाही. रिकाम्या देवळीत कंपनीचा दिवा दिवसरात्र जळतो. जळू दे. माझ्याकडे मेणबत्ती आहे.