जोडशिंपला

सुईच्या टोकाने शेवटचा चिखल निघाला आणि शिंपला सरांच्या तळहातावर अलगद उघडला. बिजागरीपाशी डाव्या झाकणाला दोन दात, उजव्याला एक. तो एक त्या दोघांच्या मध्ये असा चपखल बसत होता, की सरांना कुणीतरी कानाखाली दिल्यासारखं वाटलं.

कोट्यवधी वर्षांपूर्वी गोड्या पाण्यात मेलेल्या या जिवाला सरांनी दोन नावं दिली होती. पहिल्यांदा सुटं डावं झाकण सापडलं, तेव्हा त्या जातीला थोरल्या बहिणीचं नाव. ताईंनीच त्यांना शिकवलं होतं, हक्क त्यांचा. त्यावरून घरात जो अबोला सुरू झाला, त्यात भांडीसुद्धा दबकून वाजत. पुढच्या मोसमात सुटं उजवं झाकण सापडलं. एकच दात! वेगळी जात! तिला बायकोचं नाव. दोन झाकणांचे दात सारखे नसतात, हे ते स्वतः पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत. पण त्या दिवशी सर शास्त्रज्ञ कमी आणि नवरा जास्त होते.

दोघींचे शिंपले दोन घरांत फ्रेम होऊन भिंतीवर चढले. मग एकदा जेवताना ताई म्हणाल्या, "माझा जरा भरीव आहे, नाही?" तेव्हापासून नणंद-भावजयीचं बोलणं बंद.

आता दोन्ही झाकणं एकाच शिंपल्याची निघाली, म्हणजे जात एकच, आणि नियमाप्रमाणे आधीचं नाव टिकतं. ताई राहणार, बायको पुसली जाणार.

"सर, तो बंद शिंपला उघडला का?" संग्रहालयातल्या सहायक बाईंनी दारातून विचारलं.

"कुठला?" सर म्हणाले. शिंपला एव्हाना कोटाच्या खिशात गेला होता.

"ट्रेमध्ये ठेवलेला हो. अगंबाई, माझ्याच हातून कुठे पडला की काय!"

त्या टेबलाखाली शिरल्या. सरांनीही वाकून शोधलं.

संध्याकाळी बायकोने कोट खुंटीला लावायला घेतला.

"अहो, खिशात दगड कसले?"

सरांनी सगळं सांगितलं. सांगताना नजर पायपुसण्यावर होती.

"म्हणजे मी गेले."

"कागदोपत्री गं."

"आणि वन्सं राहिल्या."

"नियमच आहे तसा. आधीचं नाव..."

"ते कळलं. हा इथे कसा आला, ते सांगा."

सरांनी पायाने पायपुसणं सरळ केलं.

"तिकडे कुणी शोधत असेल ना?"

"टेबलाखाली," सर म्हणाले.

दोन्ही झाकणं मिटवून तिने शिंपला रुमालात गुंडाळला, सरांच्या हातावर ठेवला आणि फोन उचलला.

"वन्सं? हो, मीच. बरी आहे. अहो, ऐका तरी, आपण दोघी एकच निघालो!... चेष्टा नाही हो, तुमच्या भावाचंच संशोधन... नाही, आत्ता नाही देत त्यांना. त्यांना दुसरा फोन करायचाय."

फोन सरांपुढे सरकवून ती भिंतीवरच्या फ्रेमची काच पुसू लागली.

सरांनी संग्रहालयाचा नंबर फिरवला. एव्हाना सगळे घरी गेले असतील, अशी त्यांना आशा होती. पलीकडे घंटी बराच वेळ वाजत राहिली. मग कुणीतरी धापा टाकत "हॅलो" म्हणालं.