माझ्यावाचून पालटलेला ठिपका

मित्रांनो, मी एक जुना विद्युतचुंबक आहे. सध्या मुक्काम जिन्याखाली. येणारेजाणारे माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवतात आणि वर निघून जातात. त्यांना काय ठाऊक, या डोक्यात किती मिजास होती!

लोखंडाचे दोन जाड गाभे, त्यांभोवती तांब्याच्या तारेचे वेढे आणि अंग तापू नये म्हणून नळ्यांतून फिरणारं थंड पाणी, अशा थाटात मी कारखान्यातून थेट प्रयोगशाळेत आलो. तिथे काचेच्या तुकड्यांवर धातूचे पापुद्रे चढवत. एका केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके ते पातळ. अशा पापुद्र्यात असंख्य इवले चुंबक असतात. सगळ्यांनी वर तोंड केलं की सूक्ष्मदर्शकाखाली तो पांढरा दिसतो, खाली केलं की काळा. ती तोंडं फिरवायची कोणी? अर्थात मी! माझ्यात वीज सोडली की सगळे मुकाट्याने फिरत. माझ्यावाचून तिथे पान हलत नसे.

मग संशोधन करायला एक मुलगी आली. तिला सगळे ताई म्हणत. तिने टेबलावर लेझर मांडला. त्याची एक झळक इतकी क्षणिक की पापणी लवते तेवढ्या वेळात अशा अब्जावधी मावाव्यात. तिचं म्हणणं असं, की तोंडं फिरवायला चुंबक नकोच, एक झळक पुरे. मला हसू आवरेना. ज्या कामाला मला थंड पाण्याची नळी लागते, ते हा उजेड करणार?

दोन वर्षं काहीच जमलं नाही. रोज जेवायच्या सुट्टीत तिच्या आईचा फोन येई. "काय गं, आज काय दिवे लावलेस?"

"अजून नाही गं, आई," ताई हसून म्हणे. पुढे पुढे तिचं हसू कमी होत गेलं. लेझर येत्या सोमवारी दुसऱ्या प्रयोगशाळेत जायचा होता, आणि तिचे हात रिकामेच होते.

आणि शुक्रवारी पांढऱ्या पापुद्र्यावर काळा ठिपका उमटला! एकच गलका झाला. त्या भरात दुसऱ्या झळकेनं तो परत पांढरा होतो का, हे बघायचं कुणाला सुचलंच नाही. तेवढ्यात प्रयोगशाळेचे प्रमुख, ताईचे सर आले. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या दोन गाभ्यांच्या मध्ये धरला. किल्ल्या एका बाजूला झुकल्या.

"वीज बंद आहे ना?"

"हो, सर."

"मग हा ओढतोय कसा? पापुद्रा पांढरा केल्यावर याच्यात उरलेली ओढ पुसायला शेवटी उलटी वीज सोडलीस, ती जास्त झाली. आता उलटी ओढ उरलीय याच्यात. उजेडानं नुसतं तापवलं, पोरी. फिरवलं ते या म्हाताऱ्यानं."

म्हणजे मीच जिंकलो होतो! पण सर गेल्यावर ताईने माझ्याच गार अंगावर कपाळ टेकलं. तिचे डोळे भरले होते. दोन वर्षं माझ्या नळ्यांतलं पाणी हीच बदलत होती, माझी धूळ हीच पुसत होती. मला त्या उरलेल्या ओढीची चीड आली.

ती एकदम ताठ उभी राहिली. "याला बाहेर काढायचं. आत्ताच्या आत्ता!"

आधी मीच पापुद्रा पुन्हा पांढराशुभ्र करून दिला. मग प्रयोगशाळेतल्या चौघांनी माझी वायर आणि नळ्या सोडवून मला ढकललं. "हळू! उंबरा आहे, उंबरा! अरे, पाय सांभाळ!" अशा आरडाओरड्यात माझी स्वारी जिन्याखाली आली. सरांना बोलावलं, दार लागलं, लेझर चालू असल्याचा लाल दिवा दारावर पेटला. मी कान देऊन उभा.

"काळा!" ताईचा आवाज.

दार उघडलं. चष्मा कपाळावर चढवून सर बाहेर आले. माझी लोंबती वायर त्यांनी हातात घेऊन पाहिली, मला थोपटलं आणि परत आत गेले. "आता मी सोडतो," ते म्हणाले.

आत कळ दाबल्याचा टक् आवाज आला.

"पांढरा!" कधी आवाज न चढवणारे सर ओरडत होते. "परत पांढरा झाला! थांब, आणखी एक... काळा! अगं, तुझ्या उजेडाचंच काम हे! चुंबक तर बाहेर जिन्याखाली पडलाय!"

टाळ्या माझ्यापर्यंत येऊन आदळल्या. त्यातच फोन वाजला, आणि ताई हसत-रडत सांगत होती, "लावले गं आई, आज लावले!"

मित्रांनो, आयुष्यभर मी लाखो इवल्या चुंबकांना वाकवलं. पण त्या दिवशी वीज नसताना, जिन्याखाली नुसता उभा राहून मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधीच वाटला नव्हता. लेझर सोमवारी गेला नाही. तो अजून आतच आहे.

इथे जिन्याखालीच मला पुन्हा वीज-पाणी जोडलंय; नवे पापुद्रे आजही आधी माझ्याकडे येतात, पांढरे होऊन आत जातात. म्हणून माझ्या नळ्यांतलं पाणी बदलत जा. ओली हेल्मेटं ठेवू नका, सांधे गंजतात. आणि एक कराल? आत टेबलापाशी फरशीवर माझ्या चार चाकांच्या खुणा आहेत. कुणी कितीही आग्रह केला तरी मला तिथे परत नेऊ नका. ती जागा रिकामीच राहू द्या.