तयार आहे, या

ही गोष्ट दोन हजार चौदा सालची. त्या वर्षी मावशीनं शिवणाचं दुकान बंद केलं, आणि त्याच वर्षी, साठी उलटलेली असताना, वेबसाइट काढली.

मावशी ही सगळ्या गल्लीची मावशी. सख्खी भाची एकच, धाकट्या बहिणीची मुलगी. पण हाक मारणारे पुष्कळ. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे काचेचं दार, आत कापायचं लांब टेबल, त्याच्या कडेला कात्रीनं पडलेले चरे, खिडकीशी मशीन. हात अजून ठीक होते, नजरही होती, पण कंबरेनं दगा दिला. मशीनवर बसलं की उठताना टेबल धरावं लागायचं. गिऱ्हाइकानं कीव करण्याआधी आपणच थांबलेलं बरं, असा तिचा बाणा. तिनं पाटी उतरवली, न नेलेले कपडे वाटून टाकले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सवयीनं दार उघडून बसली. कुणी आलं नाही.

भाचीला ते बघवेना. ती एका कचेरीत वेबसाइट बनवायचं काम करायची. म्हणाली, "मावशी, कंबर बसली म्हणून विद्याही बसवायची का? तू सांग, मी लिहून घेते."

मग झिजलेली कॉलर कशी उलटवायची, चेन कशी बदलायची, कोटाला नवं अस्तर कसं लावायचं, असं सगळं फोटोंसकट वेबसाइटवर चढलं. अस्तराच्या फोटोंसाठी भाचीनं जुन्या बाजारातून एक राखाडी कोट आणला होता. फोटो झाल्यावर तो दाराशेजारच्या खुंटीवर लटकत राहिला.

"आता यादी," भाची म्हणाली. "लोक एकदा येतात, बघतात, विसरून जातात. त्यांचा ईमेल आपल्याकडे असला, तर नवीन काही लिहिलं की त्यांना कळवता येतं. पण पत्ता ज्याचा त्यानं स्वतः घालायचा. मग आपण विचारायचं, नक्की ना? त्यानं हो म्हटलं, की मगच तो यादीत."

"अगं, एवढं तर मला लग्नाच्या वेळीही कुणी विचारलं नव्हतं."

"म्हणूनच विचारायचं," भाची म्हणाली, आणि दोघी हसल्या.

नाव देणाऱ्याला भेट म्हणून कॉलर उलटवायची छापील कृती ठेवली. आठवडे गेले. यादीत तिघी जमल्या: भाची, भाचीची आई, आणि बटण चालतं का ते बघायला स्वतः मावशी.

वरच्या मजल्यावर तिच्या थोरल्या जाऊबाई राहायच्या. रोज सकाळी चहाला खाली उतरायच्या आणि चहाबरोबर चिमटाही काढायच्या.

"किती झाले गं तुझे सदस्य?"

"तीन."

"तुला धरून की सोडून?"

"धरून."

"म्हणजे पत्ते कुटायलासुद्धा एक भिडू कमीच की."

"मग तुम्ही या. सांगा ईमेल."

"छे, मला नाही बाई कुणाच्या यादीत जायचं. तुझं दुकान चालत होतं ते तुझ्या हातावर. आता हातच दिसत नाहीत, तर कोण येणार?"

जाऊबाईंच्या मनात वाईट नव्हतं. पण ते बोलणं मावशीच्या नेमकं वर्मी लागलं, कारण रोज रिकाम्या दाराकडे बघताना ती स्वतःशी तेच बोलत होती. आपण आता कुणाला नकोत का, एवढंच तिला त्या यादीतून जाणून घ्यायचं होतं.

तिला जुनी गिऱ्हाइकं आठवली. दुकानाच्या शेवटच्या काही वर्षांत ती कपडा शिवून झाला की ईमेलनं कळवायची. विषयाच्या जागी ठरलेले शब्द: तयार आहे, या. असा निरोप कुणी न उघडता ठेवल्याचं तिला आठवत नव्हतं. पत्ते घेताना ती प्रत्येकाला सांगायची, "कपडा झाला की कळवीन, बाकी काही त्रास नाही द्यायची."

भाची कामासाठी परगावी गेली होती. दुपारचं जेवण उरकून मावशी कॉम्प्युटरपुढं बसली आणि ते सगळे पत्ते तिनं एका दमात यादीत ओतले. कॉम्प्युटरनं विचारलं, या सर्वांनी तुम्हाला परवानगी दिली आहे का? दिली असल्यास चौकोनात खूण करा. मावशीनं चष्मा काढून पदरानं पुसला, तो हातातच ठेवला, आणि धूसर दिसणाऱ्या चौकोनावर खूण केली. जसं काही नीट न बघता केलेलं धरत नाहीत!

मग निरोप लिहिला. माझी वेबसाइट सुरू झाली आहे, येऊन बघा, वगैरे. विषयाच्या जागी तिची बोटं थोडी थबकली. 'मावशीची वेबसाइट' लिहिलं तर कोण उघडणार? तिला पक्कं माहीत होतं लोक काय उघडतात. तिनं तेच लिहिलं.

संध्याकाळपर्यंत अर्ध्याहून जास्त लोकांनी निरोप उघडल्याचं कॉम्प्युटर दाखवू लागला. मावशी कंबर विसरून जिना चढली.

"जाऊबाई, भिडू मिळाले बरं का! घर भरून."

"एवढे? एका दिवसात? कुठून आणलेस?"

"आले," मावशी म्हणाली. "आपणहून."

दुसऱ्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "मावशी, माझा कुठला कपडा राहिलाय हो तुमच्याकडे? मला तर आठवतच नाही." मावशीनं हसून वेळ मारून नेली. फोन ठेवल्यावर मात्र तिला जरा कसंसंच झालं.

दुपारी काचेचं दार वाजलं. भूगोलाचे सर आले होते. शाळेतून निवृत्त होऊनही त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीत त्यांना सरच म्हणत. त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत; त्या मावशीच्या जुन्या गिऱ्हाईक. मुलगी लग्न होऊन परगावी. बाई गेल्याचं मावशीला दुकान आवरताना कळलं होतं. भेटायला जायचं, जायचं म्हणता ते राहून गेलं होतं. आता सर समोर उभे होते. बुटांना पॉलिश, अंगावर कोट, हातात घडी घातलेली कापडी पिशवी.

"तिचा ईमेल हल्ली मीच उघडतो," सर खुर्चीवर टेकत म्हणाले. "नुसत्या जाहिराती असतात. काल तुमचं आलं."

मावशीनं पाण्याचा पेला त्यांच्यापुढं सरकवला.

"घरातलं तिचं सगळं मला पाठ आहे, कुठल्या कप्प्यात काय ते. मला वाटायचं, आता नवीन काही सापडायचं नाही. आणि बघा, एक काहीतरी तुमच्याकडे राहिलंच होतं. काय असेल, काय असेल, रात्रभर तेच." ते चक्क हसले. "सांगू नका. मला बघू द्या."

त्यांची नजर खोलीत फिरली आणि खुंटीवरच्या राखाडी कोटावर थांबली. नवं निळं अस्तर बाहेर डोकावत होतं.

"तोच ना?"

मावशीच्या अगदी ओठावर आलं, हो. एक अक्षर, आणि सुटका. सर कोटाची घडी घालतील, पिशवीत ठेवतील, खुशीत घरी जातील. तिला बाईंचं माप आठवत होतं. उंच बाई, लांब हात. कोट जवळजवळ झालाही असता. मग तिला दिसलं, घरी गेल्यावर सर त्या कोटाच्या बाहीत तोंड खुपसतील, आणि बाहीला जुन्या बाजाराचा वास येईल.

"नाही," ती म्हणाली. "तो कुणाचाच नाही."

"मग तयार काय आहे?"

"वेबसाइट."

"काय?"

तिला तो शब्द दुसऱ्यांदा म्हणावा लागला. मग तिनं सगळं सांगितलं: पत्ते कुठून घेतले, कुणाला विचारलं नाही, आणि लोकांनी उघडावं म्हणून काय लिहिलं. सांगताना ती टेबलावरचे चरे बोटानं चाचपत होती. वर बघायची हिंमत होत नव्हती.

"म्हणजे तिचं इथं काहीच नाही," सर म्हणाले. रागावले नाहीत. वर्गात उत्तर पक्कं करून घ्यावं, तसं म्हणाले.

"काहीच नाही. आणि मी भेटायलाही आले नाही, सर."

त्यांनी पिशवीची घडी पुन्हा घातली आणि ते उठले. उठताना त्यांच्या कोटाची बाही पुढं आली. कड उसवत आली होती. करड्या कापडावर जाड काळ्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके. मावशीचा हात सवयीनं सुईकडे गेला.

"सर, बाही उसवतेय. टाके काढून नीट घालून देते. एका मिनिटाचं काम."

सरांनी दुसरा हात चटकन बाहीवर ठेवला.

"नको. तिनं घातलेत."

बाई दुकानात येऊन नेहमी म्हणायच्या, "मी टाका घातला की कपडाच रुसतो हो!" मावशीला ते आता आठवलं. दार लागलं, तरी ती सुई हातात धरून तशीच उभी होती.

भाची परत आल्यावर मावशीनं तिला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "पुसू या सगळे."

"पुसायच्या आधी एकदा लिहू दे."

मावशीनं लिहिलं: 'तुमचं काहीही माझ्याकडे तयार नव्हतं. तुम्ही निरोप उघडावा म्हणून मी खोटं लिहिलं. कपड्यासाठी दिलेला पत्ता न विचारता दुसरीकडे वापरला. यादी पुसते आहे. पुढं माझी पत्रं कुणाला हवी असतील, तर त्यानं स्वतः नाव घालावं. नको असतील तर काहीच करू नये.' विषयाच्या जागी: माझी चूक.

मग जिना चढून ती जाऊबाईंपुढं उभी राहिली. "ते भिडू आपणहून नव्हते आले. मी पळवून आणले होते."

"मला वाटलंच," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "उभी का? कंबर दुखेल. बस."

माफीला थोडी उत्तरं आली, बरीचशी मायेची. एक बाईंच्या नावानं आलं. त्यात एकच शब्द होता: नको.

पुढं एकदा मावशी सरांच्या दारापर्यंत गेली, घंटेला हात लावला आणि न वाजवता परतली.

यादी पुन्हा तिघींपासून सुरू झाली आणि हळूहळू वाढली. फार मोठी कधीच झाली नाही. भाचीनं पुढं स्वतःचं ऑफिस थाटलं. जाऊबाई मुलाकडे राहायला गेल्या, तिथून त्यांनी स्वतःच्या हातानं यादीत नाव घातलं, आणि दर पत्राला उत्तर धाडू लागल्या, 'अक्षर बारीक आहे.' राखाडी कोट खुंटीवरून कुणी काढला नाही. सर काही वर्षांनी गेले.

त्यानंतर एका नव्या वाचक मुलीनं वेबसाइटवर प्रश्न विचारला. वडिलांचा कोट आहे, अस्तर पार विरलंय, बाहीवर आईनं घातलेले काळे टाके आहेत. ते न उसवता अस्तर बदलता येईल का? मावशीनं तिला सविस्तर लिहिलं. सुरुवात कुठून करायची, बाहीशी कुठं थांबायचं, टाक्यांच्या अलीकडे किती जागा सोडायची. आपण कोण, ते लिहिलं नाही. खाली नेहमी लिहायची ते 'तुमची मावशी'सुद्धा लिहिलं नाही.

मुलीचं उत्तर लगेच आलं. विषयाच्या जागी 'आभार' दिसत होतं. मावशीला ते कितीतरी दिवस उघडवलं नाही.