उसवलेले शब्द

डॉक्टरांनी आत फक्त पोरांना बोलावलं. आई बाहेर बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन. आजार तिचा, पण खुर्च्या पोरांना!

बाहेर आल्यावर दोघं तिच्या शेजारीच उभं राहून बोलू लागली. जन्मभर शिवणयंत्र चालवणाऱ्या बाईला यातलं काय कळणार?

"कार्सिनोमाच आहे," नर्स असलेली मुलगी दादाला म्हणाली. "पण वेळेत सापडलंय. कोलेक्टमी केली तर चांगला चान्स आहे, म्हणाले ना ते."

"आणि नंतर? तुझ्या ड्यूट्या, मला रजा नाही. बघणार कोण? या वयात नकोच ते. तिला कोलायटिस सांगू."

मुलगी गप्प राहिली. तिचं गप्प राहणं म्हणजे हो, हे आईला तिच्या लहानपणापासून माहीत होतं.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी हीच पोर पुस्तक घेऊन रडत बसायची. आई यंत्रावरूनच म्हणायची, "रडतेस काय? शब्दसुद्धा शिवलेलाच असतो. शेवटाकडून उसव, तुकडे हाती येतील." मग रोज संध्याकाळी पायाखाली यंत्र आणि तोंडाने प्रश्न. आयटिस? सूज. ओमा? गाठ. पोर पास झाली आणि पुस्तक विसरली असेल नसेल, आईच्या डोक्यातून मात्र एक तुकडा हलला नाही.

आईला जगायचं होतं. अजून भरपूर जगायचं होतं, आणि त्याची तिला मुळीच लाज वाटत नव्हती.

"आई, नुसती सूज आहे गं," मुलगी शेजारी बसून लाडाने म्हणाली. "कोलायटिस. गोळ्या घ्यायच्या, बस."

आईने तिच्याकडे पाहिलं. "ओमा?"

"गाठ." जुन्या सवयीने पोर बोलून गेली आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. दादा भिंतीवरचा पंखा बघू लागला.

"एक्टमी?"

पोरीने दादाकडे पाहिलं.

"सांग की. यात तर तू कधीच चुकायची नाहीस."

"कापून काढणं."

"मग ते काढायचं नाही, हे कोणी ठरवलं? पोट माझं, गाठ माझी. तुम्हाला काय, मी विचारण्याइतकीही उरले नाही?"

"आई, तुझ्या भल्यासाठीच..." दादाने सुरुवात केली.

आई उठली आणि डॉक्टरांच्या दाराकडे निघाली. मुलगी धावत येऊन तिचा हात धरू लागली, तर आईने तो सोडवून घेतला.

"तू नको येऊस. तू सूज सांगशील."