सुधारलेली कविता

मुंगीला शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरलं, तेव्हा कुणी विचारायच्या आधीच आत्या म्हणाली, "भाषा माझ्याकडे. बाकीचं तुम्ही बघा." एकतीस वर्षं भाषा शिकवून निवृत्त झालेली बाई घरात असताना दुसऱ्या कुणाकडे जायचं तरी कशाला? तिच्या भावानं गणित आणि विज्ञान घेतलं, तेही कामावरून आल्यावर. भावजयीला, मुंगीच्या आईला, मान वर करायला फुरसत नसे. घराच्या मागच्या खोलीत बसून ती दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायची. मेण वितळवायचं, जबड्यांच्या पांढऱ्या साच्यांवर दात बसवायचे, घासायचे, परत घासायचे.

मुंगी दहा वर्षांची होती. बोलताना तिचा शब्द अडायचा, घरात कमी, वर्गात फार. कविता म्हणायला उभी राहिली की पहिल्याच अक्षरावर गाडी रुतायची आणि मागच्या बाकांवरून तेच अक्षर दहा तोंडांनी परत यायचं. एके दिवशी सकाळी तिनं दप्तर पाठीला लावलं आणि दारातच खाली बसली. ओढून पाहिलं, रागावून पाहिलं. उठली नाही ती नाहीच.

घरी शिकवायची परवानगी मिळाली, पण वर्षापुरतीच. वर्ष सरताना शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई घरी येणार, वर्षभराच्या कामाची फाइल बघणार आणि मुलीला चार प्रश्न विचारणार. त्यांचं समाधान झालं तर आणखी एक वर्ष घरी, नाहीतर पुन्हा तीच शाळा आणि तेच बाक. वर्षाचा शेवटचा महिना उरला तेव्हा फायलीत काय काय हवं त्याची यादी आली. भाषेखाली लिहिलं होतं : मुलानं स्वतः रचलेली एक कविता.

"कविता नको," मुंगी म्हणाली.

"का गं? कवितेनं तुझं काय घोडं मारलंय?"

"त्यात कुणी सरळ बोलत नाही. चंद्र हसला म्हणतात. तो हसतो का?"

"अगं, ती कल्पना असते."

"मग आधीच सांगायचं ना, की खोटं आहे."

आत्याला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. शिक्षकानं शिकवताना हसू नये, असा तिचा जुना नियम होता. मग रोज दहा वाजता जेवणाच्या टेबलाशी दोघी समोरासमोर बसायच्या. आत्या बोटांनी टेबलावर ठेका धरायची. मुंगीही ठेका बरोबर धरायची, पण शब्द म्हणून एक द्यायची नाही. तीन आठवडे असेच गेले. आणि मग एक दिवस, काही न बोलता, तिनं वही पुढे सरकवली.

*आईच्या फळीवर बारा जबडे आहेत.*
*सगळे पांढरे. कुणी बोलत नाही.*
*प्रत्येकाच्या खाली एक नाव आहे.*
*एक जबडा गेल्या वर्षीपासून आहे.*
*त्याचा माणूस आलाच नाही.*
*मी त्याची धूळ पुसते.*
*मी त्याला सांगते, घाई नाही,*
*तू सावकाश बोल.*

आत्यानं यमक शोधलं. मिळालं नाही. ठेका शोधला, तोही नाही. "हे काय गं? फळीवरच्या सामानाची यादी केलीस होय?" ती म्हणाली, आणि हाताला जी सवय होती ती हातानं केली. लाल पेन उचललं आणि खाली लिहिलं, *यात कविता कुठे आहे?*

मुंगीनं ते वाचलं, वही मिटली आणि मांडीवर ठेवली.

तपासणीला तीनच दिवस उरले होते. दुपारी आत्यानं कागद घेतला आणि अर्ध्या तासात हातावेगळं केलं :

*बागेमधली इवली कळी*
*वाऱ्यासंगे डुलू लागली,*
*दवमोत्यांची माळ घालुनी*
*सूर्याशी ती बोलू लागली.*

अशीच आणखी दोन कडवी. तिला यात काही वावगं वाटलं नाही, खरंच नाही. शाळेच्या वार्षिक अंकाचं काम वर्षानुवर्षं तिच्याकडेच असायचं. मुलं कविता आणून द्यायची आणि ती त्यांवर 'हात फिरवायची'. हात फिरवता फिरवता मुलाचं नाव तेवढं राहायचं. मुख्याध्यापक खूश, आईबाप खूश. सगळ्याच शाळांत सगळ्याच बाई हेच करत होत्या. चोरी म्हणावी तर घेतलं काहीच नव्हतं, उलट दिलंच होतं.

"हे मी नाही लिहिलं," मुंगी म्हणाली.

"तुझ्याच कवितेवर हात फिरवलाय."

"माझं यात काय आहे?"

शिक्षकाला उत्तर सुचलं नाही की तो जे म्हणतो तेच ती म्हणाली. "प्रश्न पुरेत. अक्षर सुवाच्य काढ."

मुंगीनं सुवाच्य काढलं.

तपासनीस बाई तरुण निघाल्या, आत्याच्या जुन्या विद्यार्थिनी शोभतील अशा. सपाट चपला, खांद्याला पिशवी, आवाज मऊ. चहा नको म्हणाल्या, पाणी घेतलं. भावजय स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली. गणिताची पानं झाली, विज्ञानाची झाली. मग कविता आली.

"वा! अगदी शाळेच्या अंकात शोभेल अशी आहे."

आणि आत्या सुखावली. क्षणभरच, पण सुखावली. त्या क्षणाची आठवण तिला पुढे कधीच नीट सोसवली नाही.

"दवाचे मोती, हे कसं सुचलं तुला?" बाईंनी मुंगीला विचारलं.

मुंगीची मान लाल झाली. तोंड उघडलं, पहिलं अक्षर आलं आणि तिथेच अडून बसलं. बाईंनी घाई केली नाही. दुसऱ्यांदा विचारलं, मग म्हणाल्या, "बरं, एक कडवं वाचून दाखवतेस?" मुंगीनं नाही म्हणून मान हलवली. तिनं एकदाच आत्याकडे पाहिलं. त्यात विनवणी नव्हती, तक्रारही नव्हती. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्याकडे कुलपाबाहेरचा माणूस बघतो, तसं पाहिलं आणि मान खाली घातली.

आत्यानं टेबलावरची फाइल सरळ केली.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि भावजयीला म्हणाल्या, "फाइल उत्तम आहे हो. पण मुलीला स्वतःच्या लिहिण्याबद्दल एक वाक्य सांगता येत नाही. घरात बरोबरीची मुलं नसली की होतं असं. मला वाटतं, यंदा शाळेतच—"

भावजयीनं आत्याकडे पाहिलं. आत्याच्या मनात आलं : पोरं रुळतात. पहिले चार दिवस रडतात, मग रुळतात. एकतीस वर्षांत किती पाहिली. हे तिच्या मनात आलं. मुंगीच्या दोन्ही मुठी खुर्चीच्या कडेवर आवळलेल्या तिला दिसत होत्या, तरी आलं.

"मी थोडा हात फिरवला होता त्यावर," ती शेवटी म्हणाली.

"थ... थोडा नाही," मुंगी म्हणाली.

"नाही. थोडा नाही." आत्या म्हणाली. "सगळी माझीच आहे. तिला नुसती उतरवून काढायला लावली. तिची वेगळी आहे. वहीत आहे."

"बघू?" बाई म्हणाल्या.

"नको," मुंगी म्हणाली. "त्यावर आत्यानं लिहिलंय."

म्हणजे पोर स्वतःसाठी नाही, आत्यासाठी ती वही लपवत होती! आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आण गं," ती म्हणाली, "असू दे."

बाईंनी कविता वाचली, परत वाचली. मग त्यांची नजर खाली, लाल शाईवर, जरा वेळ थांबली. त्यांनी आत्याकडे पाहिलं नाही. एखादा शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या मुंगीला म्हणाल्या, "याबद्दल बोलूया का आपण?"

मुंगीनं विचार केला. "आत्या, तू बाहेर बस ना."

आत्या उठून मागच्या खोलीत गेली. भावजयीनं मेण तापत ठेवलं होतं, म्हणून तीही मागोमाग आली आणि आपल्या स्टुलावर बसली. मधल्या दारातून मुंगीचा आवाज येत होता, अडत, थांबत, पुन्हा चालू होत. शब्द कळत नव्हते. पण बोलत होती, बरंच बोलत होती. आत्यासमोर ती सलग इतकं कधीच बोलली नव्हती.

"तुला माहीत होतं?" आत्यानं विचारलं.

"अक्षर तिचं होतं, ताई." भावजय चिमट्यानं एक दात उचलून उजेडात धरत म्हणाली. "पण आमच्या घरात बाग कुठेय? तिनं कळी कधी बघितलीय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही शिक्षिका ना."

यात टोमणा असता तर आत्यानं तो परतवला असता. टोमणा नव्हता. ती वार्षिक अंकांतल्या कविता आठवत राहिली. तिची स्मरणशक्ती दांडगी. शंभरेक तरी अजून तोंडपाठ होत्या, खाली कुणाचं नाव होतं तेसुद्धा. पण त्या सगळ्या सुधारलेल्या. मुलांनी आधी काय आणून दिलं होतं, त्यातली एक ओळ आठवेना. डोळे मिटून पाहिलं, एकेका वर्गात जाऊन पाहिलं. एकही ओळ नाही.

अर्ध्या तासानं बाईंनी दोघींना बोलावलं. कळीचं पान फायलीतून निघालं होतं. त्याजागी मुंगीनं नव्या कागदावर उतरवलेली कविता होती. बाईंनी मगाशी आपल्या कागदावर जे लिहिलं होतं ते खोडलेलं दिसत होतं.

"आणखी एक वर्ष घरी," बाई म्हणाल्या. भावजयीनं पदराला उगाचच हात पुसले. "फक्त हा एक रकाना राहिलाय. पुढच्या वर्षी भाषा कोण शिकवणार?"

बाईंचं पेन कागदावर थांबलं.

"सध्या रिकामा ठेवा," आत्या म्हणाली. "कुणीतरी चांगलं बघू आम्ही."

"रिकामा नाही ठेवता येत."

"आत्याच लिहा ना," मुंगी म्हणाली. तिनं वही उचलून बगलेत मारली होती आणि ती खेळायला निघाली होती. "दुसरं कोण आहे आपल्याकडे?"

बाईंनी लिहिलं आणि कागद आत्याकडे वळवला. एकतीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर डोळे मिटून केलेली सही होती ती. आत्यानं पेन हातात घेतलं, आणि सही कुठे करायची हे तिला दोनदा विचारावं लागलं.