भरल्या घरातलं मूल

दोन वाट्या पालथ्या घालून त्यांतल्या एकीखाली डॉ. शिवकन्याबाईंनी हळकुंड लपवलं, वाट्यांची अदलाबदल केली आणि समोर मांडी घालून बसलेल्या दिपाकडे पाहिलं. दिपाने नेमकी वाटी उचलली, हळकुंड काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि खुदकन हसली. तोंडातून मात्र ब्र नाही.

"ऐकू नीट येतंय. समजतंही सगळं," शिवकन्याबाई म्हणाल्या.

"समजायची तर तक्रारच न्हाई, काकू," विश्वंभर म्हणाला. "बोलून काहून न्हाई राहिली, तेवढं सांगा."

विश्वंभर त्यांचा पोटचा मुलगा, पण तो त्यांना काकूच म्हणायचा. नवरा वारला तेव्हा हा जेमतेम बोबडं बोलायला लागला होता. सासरे ग्यानबा मोठ्या जिद्दीचे. धाकट्या सुनेची हुशारी चुलीत घालायची नाही, असं म्हणून त्यांनी तिला शिकायला पुण्याला धाडलं आणि लेकरू थोरल्या सुनेच्या, सत्यभामाबाईंच्या मांडीवर दिलं. शिक्षण झालं, विद्यापीठात नोकरी लागली, लेकरू मात्र गावी, कुरुंद्यातच राहिलं. ते सत्यभामाबाईंना आई म्हणू लागलं आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. शिवकन्याबाईंना वाटलं असेल, पण तेव्हा त्यांचा प्रबंध अर्ध्यावर होता.

बालमानसशास्त्रात त्यांचं नाव झालं ते एकाच सिद्धांतावर. भरल्या घरातल्या मुलाला आई दूर गेल्याची जखम होत नाही, चार मांड्या मिळून तिची जागा भरून काढतात. उभी हयात त्यांनी हेच शिकवलं, यावरच पुस्तकं लिहिली, शाली घेतल्या. परदेशातले विद्वानही माना डोलवायचे. या सिद्धांताचं बी पडलं होतं ते ह्याच अंगणात. पुण्याला गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्या आल्या, तेव्हा लहानगा विश्वंभर ना रडला, ना बिलगला. सगळी सुटी त्यांच्याजवळ शहाण्यासारखा बसून राहिला. त्याचं त्यांना फार कौतुक वाटलं होतं.

आता निवृत्त झाल्यावर या घराने त्यांना पहिल्यांदाच आपणहून बोलावलं होतं. विश्वंभरची बायको राधिका नर्सिंगच्या शेवटच्या वर्षासाठी संभाजीनगरला वसतिगृहात राहायला गेली आणि दिवसभर चिवचिवणारी दिपा हळूहळू गप्प गप्प होत पार मुकी झाली. इकडे परीक्षा तोंडावर आलेली. आईच्या जाण्यानेच पोरीची वाचा बसली असेल, तर राधिकाने सगळं सोडून परत यायचं. तसं नसेल, तर राहायचं. काकू सांगतील तसं करू, असं राधिकाच म्हणाली होती. काकूंचं पुस्तक वाचूनच तर ती लेकराला ठेवून गेली होती.

"हे बघ," शिवकन्याबाई वर्गात समजावतात तशा सावकाश बोलू लागल्या, "मुलगी हुशार आहे. घरात आजी आहे, तू आहेस, शेजारपाजार आहे. अशी मुलं मधेच गप्प होतात आणि आपली आपण बोलायलाही लागतात. राधिकाला परत आणायचं काहीएक कारण नाही."

अंगणभर शिजवलेली हळद पसरली होती. कोपरापर्यंत पिवळ्या झालेल्या हातांनी ती उलथीपालथी करणाऱ्या सत्यभामाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला.

"लई बरं झालं बाई. मी आजच औंढ्याच्या नागनाथाला चांदीच्या जिभेचा नवस बोलते. विश्वंभरच्या वक्ताला बी बोलले होते, तवा कुठं त्याला वाचा आली."

"विश्वंभरच्या वेळेला?"

सत्यभामाबाई घुटमळल्या. मग पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "आता मामंजी बी न्हाईत, काय लपवायचं. तू गेलीस अन् पोरगं बोलायचंच थांबलं. दोन उन्हाळे गेले, एक अक्षर न्हाई. शिवकन्याला कुणी कळवायचं न्हाई, अशी मामंजींची ताकीद होती. कळलं तर शिक्षण टाकून येईल म्हणले. दिवाळीला आलीस तवा तुला सांगितलं, घसा बसलाय म्हणून."

तसं सांगितलं होतं खरं. आणि मुलांचं मन वाचायला शिकत असलेल्या बाईने त्यावर विश्वास ठेवला होता. गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या करायला द्या, असंही सांगून गेली होती.

शिवकन्याबाईंना संताप आला. आधी मेलेल्या सासऱ्याचा, मग समोर उभ्या असलेल्या जावेचा. पण जावेच्या तोंडाकडे पाहिल्यावर तो तिच्यावर काढवेना.

"मला सांगायला हवं होतं, अक्का."

"तुझंच चांगलं पाहिलं गं सगळ्यांनी."

विश्वंभर आतापर्यंत खांबाला टेकून उभा होता. हे सगळं त्याला आधीपासून ठाऊक असावं. तो खाली उकिडवा बसला.

"कळवलं असतं तर आल्या असत्या, काकू?"

एवढ्या वर्षांत त्याने त्यांना असं काही विचारलं नव्हतं.

"आले असते," त्या लगेच म्हणाल्या. "सगळं टाकून आले असते रे."

त्याने मान खाली घातली आणि बाहीने डोळे पुसले. बाहीची हळद डोळ्यांत गेली, तरी तो पुसतच राहिला.

तेवढ्यात राधिकाचा फोन आला. विश्वंभरने स्पीकर लावून तो शिवकन्याबाईंच्या हातात दिला आणि म्हणाला, "तुमीच सांगा तिला."

"काकू, खरं सांगा," राधिकाचा आवाज अंगणात घुमला. "पोरीला माझ्या जाण्याचीच तकलीफ झाली असंल तर आत्ता निघते. परीक्षा काय, पोरीपुढं मोठी न्हाई मला. तुमी नुसतं ये म्हणा."

आईचा आवाज ऐकून दिपा धावत आली. फोनला गाल लावून उभी राहिली. तिचे ओठ हलले, पण आवाज काही फुटला नाही. शिवकन्याबाई तिच्याकडे बघत राहिल्या. आता कसलीच परीक्षा घ्यायची गरज उरली नव्हती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"काही येऊ नको, बाय," त्या म्हणाल्या. पुण्यात कधीच सुटून गेलेली गावाकडची बोली आपसूक त्यांच्या तोंडी आली. "पोरगी चांगली हाय. सकाळपासून बोलून राहिली माझ्यासंगं. तू आपली परीक्षा दे."

पलीकडून रडू आणि हसू एकदमच ऐकू आलं. सत्यभामाबाईंनी दिपाला उचलून कडेवर घेतलं.

विश्वंभर उठला. काकूंच्या हातातून त्याने फोन घेतला, बंद करून खिशात टाकला.

"बराबर हाय. तुमी तवा बी आल्या नसत्या," तो म्हणाला. "संध्याकाळी वसमतहून पुण्याची गाडी हाय, काकू. मी सोडतो तुमाला."